भट्टीवरचं नाक

मित्रांनो, मला जुना म्हणा, खुशाल म्हणा. पण भंगार म्हणाल तर याद राखा! मी एका बेकरीच्या भट्टीवर बसवलेला इवलासा संगणक आहे. मला पडदा नाही, बटणं नाहीत. वास ओळखणारं एक नाक आहे आणि एक घंटा आहे. पाव भाजला की मी घंटा वाजवतो. या कामात माझा हात धरणारा अजून जन्मायचा आहे.

माझा जन्म मात्र महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात झाला. बेकरीवाल्यांची लेक एक दिवस करपलेल्या पावांची पिशवी घेऊन तिथे आली. तिचे बाबा आयुष्यभर नुसत्या वासावर पाव काढत आले होते. हल्ली मात्र पाव सारखे करपायचे आणि विचारलं की बाबा खेकसायचे, "पीठच भिकार आलंय!" काका तर त्यांना घरीच बसवायला निघाले होते.

"भट्टी सुटली तर बाबा खचतील हो," ती म्हणाली. "काहीतरी करा, सर."

सर लगेच कामाला लागले. त्यांच्या विद्यार्थिनीने कँटीनमधून भाजलेले पाव आणून मला वास शिकवला. मी हुशारच! पटकन शिकलो. सरांनी माझी पाठ थोपटली आणि मी फुगलो.

मग मला बेकरीत बसवलं. पाव आत गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने करपल्याचा वास सुटला. काका खोकू लागले, सरांनी रुमाल काढला. मी मात्र ढिम्म. आणि बाबा? हाताची घडी घालून निवांत उभे!

"यंत्र गप्प आहे ना? म्हणजे अजून कच्चे आहेत," ते म्हणाले.

तेवढ्यात पाहुण्यांच्या चहासोबत द्यायला काकांनी लोण्याचा डबा उघडला आणि मी जीव खाऊन घंटा वाजवली. भट्टी उघडली, तर आत नुसता कोळसा!

विद्यार्थिनीने जीभ चावली. "सर, कँटीनवाला पावाला लोणी लावून द्यायचा!"

"आणि उरलेले आपणच खायचो," सर पुटपुटले.

मला तर भट्टीत उडी घ्यावीशी वाटली. पण लेक माझ्याकडे बघतही नव्हती.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही?"

बाबांची मान खाली गेली. "त्या तापानंतर गेला तो गेलाच. सांगितलं असतं, तर भट्टी काढून घेतली असतीत."

"वेडे आहात का हो तुम्ही?" असं म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली. काकांना एकाएकी चहा ढवळायची आठवण झाली.

त्यानंतर विद्यार्थिनीने भट्टीशेजारीच बस्तान मांडलं. बाबा पाव काढून रंग बघायचे, ती मला समजावायची. या वेळी लोणी कडीकुलपात होतं! शेवटी मी बरोबर घंटा वाजवली. पाव सोनेरी निघाले आणि बाबा माझ्यासमोरच ढसाढसा रडले.

आता केंद्राने नवं यंत्र आणलंय. ते फोनवर निरोप धाडतं म्हणे. मला काढायला माणूस स्टुलावर चढला, तर बाबा आडवे आले.

"खाली उतर. ते माझं नाक आहे!"

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांवरचं पीठ अधूनमधून पुसत जा. आणि घरातलं कुणी उगाच खेकसायला लागलं, तर आधी जवळ बसून विचारा. यंत्र नंतर आणा.