कोपर आत

“सगळं छान जमलंय, फक्त ड्रायव्हरचा कोपर आत हवा होता,” भिंग खाली ठेवत परीक्षक म्हणाले. “आणि हा मागे बसलेला. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. फौजेत असं चालत नाही. शिस्त दिसायला हवी हो.”

ती छोटी गाडी बनवणारा तो “बरं” म्हणाला. आयुष्यभर त्याला एवढंच उत्तर नीट जमत आलं होतं. छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या मंडळाचं ते वार्षिक प्रदर्शन. पहिलं बक्षीस एका चकचकीत रणगाड्याला गेलं. त्याची सगळी झाकणं बंद होती आणि माणसाचा पत्ता नव्हता. ज्याच्यात माणूसच नाही त्याची शिस्त कोण काढणार, असं त्याची बायको शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली.

त्याची गाडी रणगाडा नव्हतीच. रणगाडा मोडला, चिखलात रुतला की त्याला ओढून आणणारी ती गाडी. तरुणपणी फौजेत त्यानं ती चालवली होती. लढाईत काय केलंत, असं कुणी विचारलं की “ओढलं” एवढं सांगून तो मोकळा व्हायचा. फौजेतून सुटल्यावर चुकीच्या जागी लावलेल्या मोटारी उचलून नेणाऱ्या गाडीवर लागला आणि उरलेली नोकरी लोकांच्या शिव्या खात काढली. थोडक्यात, ओढणं काही सुटलं नाही.

या गाडीचा तयार संच बाजारात मिळत नाही. लहानांना काय नि मोठ्यांना काय, तोफ लागते. मग त्यानं एका रणगाड्याचा संच आणून त्याची तोफच काढून टाकली. पितळी तार वळवून क्रेन केली, जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा सोलून त्यांचा दोरखंड पिळला, खडूची पूड घासून धूळ चढवली. गाडी झाली आणि माणसांनी मात्र त्याच्या नाकी नऊ आणले. बोटाएवढी चार माणसं: गाडीचे प्रमुख उस्ताद, क्रेनवरचा लंबू, फिटर घुम्या आणि तो स्वतः. विकतचे सैनिक सगळे सावधान उभे. त्यानं स्वतःचा हात कापला, पुट्टी भरून जोडला, पसंत पडेना म्हणून पुन्हा कापला. कोपर झाकणाच्या कडेवर हवा तसा आरामात टेकला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

डोळे रंगवायचे म्हणजे पंखा बंद, दार बंद, श्वास बंद. आधी पांढरा ठिपका, त्यावर काळी उभी रेघ, मग वरून खालून पापणीचा रंग. हात जरा चळला की माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. घुम्याचे डोळे त्यानं किती वेळा पुसून पुन्हा काढले याला गणती नाही.

“माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत,” बायको दारातून म्हणाली होती.

“तू हलतेस,” तो श्वास सोडत म्हणाला होता.

घुम्या आजारपणात गेला. लंबू कुठे असतो ते कुणाला ठाऊक नव्हतं. चौघं पुन्हा एकदा एका गाडीत बसावेत आणि उस्तादांनी ते पाहून म्हणावं की हो, हे असंच होतं, एवढ्यासाठी त्याचा हा सगळा खटाटोप होता. उस्तादांचं मात्र अवघड होतं. कौतुक त्यांच्या स्वभावातच नव्हतं. इंजिनाच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, तेव्हा चौघं आत आहेत याची खात्री करून उस्ताद झाकणावर दोनदा टकटक करायचे. ती झाली की सगळं ठीक आणि गाडी हलवायची. त्याला फौजेत शाबासकी म्हणून काही मिळालं असेल तर ती टकटक.

बक्षीस मिळालं की उस्तादांना दाखवायला न्यायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आता त्यानं गाडी खोक्यात भरायला घेतली.

“आठवडाभरात उस्तादांची मुलगी त्यांना तिच्याकडे परगावी घेऊन चाललीय म्हणे, कायमचं,” बायको म्हणाली. “ते परीक्षक बसले होते का त्या गाडीत? ज्यांची आहे त्यांना दाखवा. इथूनच जाऊ.”

खोकं मांडीवर घेऊन तो बसमध्ये बसला. प्रत्येक खड्ड्याला त्याचा जीव खालीवर होत होता.

दार मुलीनं उघडलं. घरातलं निम्मं सामान बांधून झालेलं होतं. उस्ताद खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसले होते.

“कोण?”

“ड्रायव्हर, उस्ताद.”

“उशीर केलास,” ते म्हणाले. जसं काही सकाळीच बोलावलं होतं.

त्यानं गाडी स्टुलावर ठेवली, चेहऱ्यांवर उजेड पडेल अशी वळवली आणि वाट बघत उभा राहिला. उस्ताद त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते.

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “बाबांना आता दिसत नाही. वर्ष झालं, अजिबातच.”

त्यानं गाडीकडे पाहिलं. ते डोळे, त्या पापण्या, ती धूळ, सगळ्यावर पाणी. परीक्षकांनी निदान बघितलं तरी होतं.

“काय आणलंयस?” उस्तादांनी विचारलं.

“आपली गाडी. छोटी करून.”

“मग दे की हातात.”

या छंदातल्या लोकांना केलेल्या वस्तूला बोट लागलेलं खपत नाही. त्यानं स्वतःच्या नातवंडांनाही कधी जवळ येऊ दिलं नव्हतं, आणि गाडीखालच्या फळीवर ‘हात लावू नये’ ही प्रदर्शनातली पट्टी अजून तशीच होती. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पट्टी सोलून काढली आणि पर्समध्ये टाकली. मग त्यानं गाडी उस्तादांच्या मांडीवर ठेवली.

जाडजूड बोटं पुढून निघाली. चाकांवरच्या पट्ट्यांवरून, दिव्यांवरून सरकली. कट्ट असा आवाज झाला.

“काय मोडलं?”

“एरियल.”

“ते तेव्हाही कुठं धड होतं.” बोटं क्रेनवर चढली, हुकापाशी थांबली. “बांधून ठेवलाय. लंबूला तो खडखडलेला खपायचा नाही.” मग शेजारचं ताठ बाहुलं चाचपलं. “हा मी. पोट कमी केलंयस.”

बोटं आता झाकणाच्या कडेवर आली आणि तिथेच अडली. उस्तादांच्या कपाळावर आठी पडली.

“कोपर आत घे.”

आणि तो, नातवंडांचा आजोबा, स्टुलाशी उभ्या उभ्या डावा कोपर झटकन अंगाशी घेता झाला. बायको तोंडाला पदर लावून हसली. त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. परीक्षकांनीही हेच म्हटलं होतं, पण हा हुकूम त्याला स्वतःला होता, रोज मिळायचा तसा.

बोटं मागे गेली. घुम्याच्या गुडघ्यावरून खाली उतरली, बूट नसलेल्या पायावर आली आणि बराच वेळ तिथून हलली नाहीत.

“बूट चावायचा याला,” उस्ताद म्हणाले. “एका शब्दानं कधी बोलला नाही. काढून बसायचा, बस.”

“हो.”

“हा गेला म्हणून कळवलं होतंस ना मला?”

“गेला, उस्ताद.”

“इथं तर आहे.”

मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा बोट फिरवलं. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक क्षण टेकवलं, चौघांच्याही. झाल्यावर बोट झाकणावर आणलं आणि नखानं टकटक केली. दोनदा.

पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, सगळं त्या खोलीबाहेर राहिलं. त्याला इतका आनंद झाला की नेहमीचं “बरं” तेवढं तोंडातून निघालं.

गाडी त्यानं परत मागितली नाही. मुलगी ती सामानात भरायला खोकं शोधू लागली तर उस्तादांनी मांडीवरून हलवूच दिली नाही. प्रवासात हातातच राहील म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. रिकामं खोकं बायकोच्या मांडीवर होतं. बस सुटली तसा त्यानं डावा कोपर खिडकीच्या कडेवर टेकवला, चांगला बाहेर काढून. बायकोनं ते पाहिलं आणि ती थोडी सरकून बसली, त्याला ऐसपैस जागा व्हावी म्हणून.