मेत्रीजचं इंग्रजी

"पदवीला बढती द्यायची नाही, पोरी, आणि पायरी उतरवायचीही नाही. नाव आहे तसं ठेवायचं, खाली दोन ओळींत समजावून सांगायचं."

भाषांतराच्या कामाला मला बसवलं तेव्हा आत्या हे रोज सांगायची. ती गेली, तिचं टेबल, तिचा शिक्का माझ्याकडे आला.

त्या दुपारी टेबलापलीकडे वहिनी बसली होती. लग्नाआधीचं तिचं सगळं शिक्षण परदेशात, फ्रेंचमधून झालेलं. एका शाळेत जागा निघाली होती. हवं होतं मास्टर्स किंवा त्या तोडीचं काही. वहिनीकडे जुन्या पद्धतीची 'मेत्रीज' : तीन वर्षांची लिसाँस, म्हणजे आपली बी.ए., आणि वर एक वर्ष, प्रबंधासकट.

"वन्सं, सरळ मास्टर्स लिहा की."

"मास्टर्सला तिकडे आता दोन वर्षं लागतात गं."

"एका वर्षासाठी एवढा काथ्याकूट! दुसरा कुणी डोळे झाकून लिहून देईल."

"देईल. पण पडताळणीत निघालं, तर खोटेपणाचा ठपका तुझ्यावर येईल."

तिचे डोळे भरले. "पोरं मोठी होईपर्यंत घरात बसले. आता कुठे दार किलकिलं झालंय, तर तुम्हाला तुमचे नेम प्यारे!"

लागलं मला. मी टाइप करत राहिले. वर 'मेत्रीज' तशीच ठेवली आणि खाली टीप लिहिली : लिसाँसनंतरचं एक वर्ष, प्रबंधासह, विद्यापीठाची एकूण चार वर्षं. त्या तोडीचं की नाही, ते शाळेनं ठरवावं.

वहिनीनं वाचलं. "छान आहे हो. पण ही टीप वाचणार कोण? ठळक अक्षरं बघतील आणि पुढचीला हाक मारतील."

"मग मी येते समजावून सांगायला."

"मुलाखत उद्या सकाळी दहाला आहे. तुमचं तर रोज दुपारपर्यंत मौन! हातवारे करून सांगणार?" रडता रडता ती हसली.

"येते म्हटलं ना."

सकाळी देवापुढे दिवा लावला. आत्या गेली तेव्हा धरलेलं हे मौन एकदाही मोडलं नव्हतं. हात जोडून बराच वेळ बसले. मग मनातच म्हटलं, आजचं राहिलेलं उद्या दिवसभर धरीन, तेवढं सांभाळून घे.

भाऊ अजून झोपलेला. वहिनी दारात उभी होती, फाइल छातीशी धरून. मी चपला घातल्या, घसा खाकरून पाहिला आणि तिच्या पुढे होऊन जिना उतरू लागले.