पाचव्या पानावर

“आहे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

रोज सकाळी हे असंच. चष्मा पुसायचा, एका बोटाने अक्षरं शोधत शोधत त्या रुग्णालयाचं नाव टाकायचं, आणि आलेल्या यादीत सगळ्यात वर आपलं पान दिसलं की म्हणायचं, आहे. एवढं होईपर्यंत कपातल्या चहावर साय धरलेली असायची. ती चमच्याने बाजूला सारून ते तो गार चहा एका दमात संपवायचे. समोर उभी राहून स्वतःचा डबा भरणारी लेक मान हलवायची. गेले काही महिने ती मान हलवताना डब्याकडेच बघत असे, पण हे बाबांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

ते पान म्हणजे त्यांच्या बायकोच्या मरणाची हकिकत होती. तिला पित्ताशयात खडे झाले होते. साधं ऑपरेशन आहे, दोन-तीन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशन झालंही चांगलं. दुसऱ्या रात्री तिला श्वास पुरेना. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर बेल होती, ती तिने दाबली, पुन्हा दाबली, दाबतच राहिली. बाबा म्हणाले, येतील गं, जरा धीर धर. शेवटी ते स्वतःच धावले. खालच्या मजल्यावर कुणी नाही, त्याच्या खाली कुणी नाही. माणूस सापडून वर येईपर्यंत ती गेली होती.

बाबांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. गल्लीत अजूनही त्यांना काटेवाले म्हणतात. लोकांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला बारका स्क्रू ड्रायव्हर. लेक येऊन आईच्या पायाशी बसून रडत होती, तेव्हा या माणसाने त्या बेलचं बटण उघडून पाहिलं. आत तार जोडलेलीच नव्हती. भिंतीवर नुसतं बटण डकवलेलं होतं.

तक्रार झाली. चौकशी समिती येईपर्यंत तारही जोडून झाली. बेल चालू स्थितीत आढळली, असा निर्वाळा मिळाला. वर समितीतल्या एका सज्जनाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की दुःखाच्या भरात माणसाला काहीबाही दिसतं. ज्या माणसाने आयुष्यात डोळ्यांना दिसल्याशिवाय एक स्क्रू फिरवला नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हा लेकीने ते पान तयार केलं. बाबा सांगत गेले, ती टाइप करत गेली. नाव घालू नका, उगाच कोर्टकज्जे मागे लागतील, असं तिनेच सुचवलं, म्हणून खाली सही फक्त ‘तिचा नवरा’ एवढीच. नाही म्हटलं तरी हा तिचा हातखंडा विषय होता. ती एका एसईओ कंपनीत होती. शब्द नवा असला तरी धंदा जुनाच आहे. लोक फोनवर काही शोधायला गेले की जी यादी येते, तिच्या रांगेत आपलं गिऱ्हाईक पुढे घुसवायचं. पहिल्या पानावर आलात तर तुम्ही जगात आहात, मागे पडलात तर नाही. तिच्या मालकाच्या तोंडी दिवसभर ‘पहिला नंबर’ असे, म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला पहिला नंबर म्हणत. आणि ऑफिसात सगळ्यांत थोरली असल्यामुळे तिला ताई.

गिऱ्हाइकांसाठी ती जे जे करायची ते सगळं तिने आईच्या पानासाठी केलं. रुग्णालयाचं नाव जिथे असायला हवं तिथे घातलं. रुग्णांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या काही संस्थांना पत्रं लिहून त्यांच्या वेबसाइटवरून या पानाकडे येणारे दुवे मिळवले. अशा दुव्यांच्या पायऱ्यांवरूनच पान वर चढतं. आणि एका सकाळी ते चढलं, थेट रुग्णालयाच्या स्वतःच्या वेबसाइटच्या डोक्यावर जाऊन बसलं. बायको गेली तेव्हा कोरडे राहिलेले बाबा त्या सकाळी फोन हातात धरून हमसून हमसून रडले. तिला वाटलं, लेक म्हणून आपल्याला जे करता येण्यासारखं होतं ते झालं.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी तेच रुग्णालय तिच्या कंपनीचं गिऱ्हाईक झालं.

पहिला नंबर मोठ्या खुशीत तिच्या टेबलापाशी आला आणि त्याने यादी समोर धरली. रुग्णालयाची पानं वर न्यायची आणि त्याच्या नावाला चिकटलेली घाण खाली. सगळ्यात वरची घाण म्हणून त्याने बोट ठेवलं ते ‘तिचा नवरा’वर. “कुणीतरी म्हातारा आहे, एक बेल धरून बसलाय,” तो हसून म्हणाला. “तूच कर ताई. तुझ्याइतकं सफाईने कुणाला जमणार नाही.”

तोंड उघडायची हीच वेळ होती, आणि तिने ते उघडलं नाही. लिहायचं काम आता मशीन करू लागलं होतं, अर्धं ऑफिस रिकामं झालं होतं आणि चाळिशीतल्या बाईला दारात कुणी उभं करणार नव्हतं, हे कारण खरंच आहे. पण तेवढंच नव्हतं. तिला त्या ‘आहे’चा कंटाळा आला होता. रोज सकाळी आई टेबलावर मरायची आणि मग चहा व्हायचा. कधीतरी हे थांबावं, असं तिला आतून वाटत होतं, आणि जे बाबांना सांगायची हिंमत नव्हती ते ऑफिसचं काम म्हणून आयतंच हातात आलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याला काय वाटतं ते मात्र कुणी विचारत नाही.

काम तिने चोख केलं. रुग्णालयासाठी नवी पानं लिहिली, पित्ताशयाच्या ऑपरेशनवर तर मोठं, सोप्या भाषेतलं. त्यात रुग्णसेवेबद्दल ठसठशीत वाक्य हवं होतं, म्हणून लिहिलं, ‘बेल वाजवताच परिचारिका हजर.’ पहिल्या नंबरने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी वा म्हटलं. मग जेवणाची सुट्टी झाली आणि ती जेवली. दुपारी तिने त्या संस्थांना पुन्हा पत्रं लिहिली, की कुटुंबाची इच्छा आहे, कृपया दुवे काढावेत. त्यांनी लगेच काढले. पायऱ्या गेल्यावर पान घसरत घसरत यादीच्या पाचव्या पानावर जाऊन पडलं. तिथे कुणी फिरकत नाही.

बाबांना यातलं काही कळलं नाही, कारण त्यांचा फोन त्यांना ओळखत होता. जो माणूस रोज एकच पान उघडतो, त्याच्यापुढे फोन तेच पान आधी वाढतो. त्यामुळे ते पान साऱ्या जगासाठी बुडालं तरी या एका टेबलावर पहिलंच राहिलं. हे लक्षात आलं तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांचं समाधान शाबूत होतं आणि आपली नोकरीही. साप मेला होता, काठीही तुटली नव्हती.

खालच्या मजल्यावर एक शिवणवाल्या बाई राहत. नवरा, शिलाई मशीन आणि शेजाऱ्यांचे अपुरे पडलेले कपडे एवढाच त्यांचा संसार. नवऱ्याला पित्ताचे खडे निघाले आणि कुणीतरी याच रुग्णालयाचं नाव सुचवलं. जिन्यात बाबांची गाठ पडली तेव्हा बाई सहज बोलून गेल्या. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. आपल्या तोंडून ऐकण्यापेक्षा लिहिलेलं वाचावं, असं त्यांना वाटलं असणार. फोनवर नाव टाका, पहिलंच जे येईल ते वाचा आणि मग काय ते ठरवा, एवढं सांगून ते वर आले. त्या दिवशी ते खुशीत होते. आई गेली ती निदान कुणाच्या तरी कामी येईल, असं त्यांनी लेकीला जेवताना सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

सुट्टीच्या दिवशी शिवणवाल्या बाई वर आल्या, गळ्यात टेप तशीच. बसल्या नाहीत. कसं सांगावं ते त्यांना कळत नव्हतं.

“काका, मी बघितलं हो. तुम्ही म्हणता तसं काहीच नाही आलं. सगळं चांगलंच लिहिलंय त्यांच्याबद्दल.” आणि मग अगदी हळू, समजूत काढावी तशा म्हणाल्या, “होतं असं कधीकधी. काकींची आठवण येत असेल. उद्या सकाळी ह्यांना दाखल करतोय.”

बाबांनी त्यांचा फोन मागून घेतला. कपडे न्यायला आलेल्या कुणीतरी खालून हाक मारली, म्हणून बाई फोन तिथेच ठेवून खाली गेल्या. बाबांनी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एका बोटाने दोन्हींवर तेच नाव टाकलं. स्वयंपाकघराच्या दारातून लेक बघत होती. एकावर ते पान पहिलं आलं. दुसऱ्यावर बाबा खाली खाली सरकवत गेले, पहिल्या पानावरची यादी संपली तरी आलं नाही.

“इकडे ये,” ते म्हणाले. “एकच माल दोन काट्यांवर ठेवला आणि वजन वेगळं आलं, तर एक काटा खोटा असतो. यातला कुठला?”

“तसं नसतं बाबा. तुमच्या फोनला तुमची सवय झालीये.”

“म्हणजे माझा खोटा.”

बाबांनी बाईंचा फोन डोळ्यांजवळ नेला आणि तिथे पहिलं आलेलं पान उघडून, शाळेतल्या पोरासारखे एकेका शब्दावर थांबत वाचू लागले. एका वाक्याशी ते थांबले ते थांबलेच. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, ओठ हलवून.

“बेल वाजवताच परिचारिका हजर,” ते म्हणाले. “हे असलं कोण लिहितं गं?”

माहीत नाही म्हणता आलं असतं. त्यांनी विचारलं होतं ते उत्तरासाठी नव्हतंच, वैतागून माणूस म्हणतो तसं होतं. पण इतके महिने गिळलेलं तिच्या तोंडाशी आलं होतं.

“मी,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पहिला नंबर, यादी, संस्थांना लिहिलेली पत्रं. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त शेवटी, ते आता कुठे आहे, असं विचारलं.

“पाचव्या पानावर. खाली.”

“जड असतं ते पारड्यात खालीच जातं,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“मी परत वर आणते, बाबा. महिन्याभरात आणते. मला येतं ते.”

“येतं की. तू वर आणशील, आणि मग तुझ्यासारखीच दुसरी कुणी पोटासाठी खाली नेईल. राहू दे.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “तिने बेल दाबली तेव्हा मी तिला धीर धर म्हणालो होतो. ते मी तुला लिहायला सांगितलंच नव्हतं. तेवढं एक लपवलं होतं. बाकी सगळं खरं होतं.”

ती तिथेच भिंतीला टेकली. बाबा उठले, बाईंचा फोन घेतला आणि दार उघडून जिना उतरू लागले. त्यांचा गुडघा प्रत्येक पायरीला थांबत होता. खालचं शिलाई मशीन चालू होतं, ते बंद झालं.

दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे तिला वर सगळं ऐकू येत होतं. बाबा पहिल्यापासून सांगत होते, माझ्या बायकोला पित्ताचे खडे होते इथपासून, पानावर लिहिलेल्या शब्दांनीच. ते शब्द तिनेच टाइप केलेले, त्यामुळे पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक असे. फक्त बेलपाशी आल्यावर त्यांनी एक नवं वाक्य घातलं. मी तिला म्हणालो, येतील, धीर धर. मग बटण उघडलं तर आत तार नव्हती, हेही सांगितलं.

शिवणवाल्या बाईंचा आवाज बारीक झाला होता. “पण काका, तुमची ताई तर ह्याच कामात आहे ना? ती काय म्हणते?”

वर भिंतीला टेकलेली ताई श्वास धरून उभी राहिली.

“तिला विचारलं,” बाबा म्हणाले. “तिला यातलं काही माहीत नव्हतं.”

जन्मभर दुसऱ्यांचे काटे सरळ करणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पारड्याखाली बोट लावलं होतं, आणि तेही तिच्यासाठी. तिला तिथेच रडू फुटलं, आवाज खाली जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून.

बाईंनी नवऱ्याला दुसरीकडे नेलं. तिथे बरं झालं की वाईट, हे इथे महत्त्वाचं नाही. बाबांनीही नंतर विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. बाबा टेबलाशी येऊन बसले आणि चहा गरम असतानाच प्यायले. समोर ती डबा भरत होती. सवयीने तिची मान हलली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की कुणी काही म्हणालेलंच नव्हतं.