काठाची जाडी

ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतं, असं धर्मपाल आठवडाभर म्हणत होता. गॅरेजवाल्याकडे गर्दी, तो म्हणाला, सोमवारी या. आणि रविवारचं तुळजापूरचं भाडं तर आधीच ठरलेलं. शेजारच्या म्हाळसाबाई आणि त्यांच्या दोन बहिणी दर्शनाला निघाल्या होत्या. शेवटी शनिवारी संध्याकाळी त्याने दारातच गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक उतरवलं आणि आत हाक दिली, "मॅडम, या जरा. तुमचं हत्यार घेऊन."

त्याची बायको शुभदा सोलापुरात पॉलिटेक्निकमध्ये मोजमापाची प्रयोगशाळा सांभाळायची. कुंभारीच्या त्या वसाहतीत नळाचा आटा बसेना किंवा शिलाई मशीनचा पट्टा कमीजास्त झाला, की लोक तिच्याकडे यायचे. तिने मोजलं की वाद मिटायचा.

तिने ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवलं. आतला भाग गुळगुळीत, चकचकीत होता, पण जरा खोलगट. अगदी बाहेरच्या काठाशी बोट अडखळलं. तिथे गंजाची कड उभी राहिली होती. बोटाला ते बरं वाटलं नाही. पण बोटाच्या सांगण्यावर ती कधी विसंबली नव्हती. हाताला वाटतं ते माप नव्हे, हे ती दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला सांगायची. तिने जाडी मोजायच्या व्हर्नियरचे जबडे डिस्कला लावले, स्क्रू हलकेच आवळला आणि वाकून आकडा वाचला. सोळा पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. डिस्कच्या मध्यावर कोरलेलं होतं, किमान पंधरा.

"चालतंय की मग?"

"मापात आहे. थरथर दुसऱ्या कशाने असेल. सोमवारी दाखवा मात्र."

"आता कशाला दाखवायचं? तुम्ही पास केलंय."

उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या त्याच्या आई, मीनाबाई, म्हणाल्या, "तुला दहावीत एवढ्या लवकर कुणी पास केलं न्हाई रं." धर्मपाल हसत हसत चाकाचे नट आवळू लागला.

रविवारी दुपारी शुभदा भांडी घासत होती. सासूचं एक जुनं जर्मनचं ताट होतं. वर्षानुवर्षं राखेने घासून त्याला मध्ये भोक पडलं होतं, तरी मीनाबाई ते टाकू देत नव्हत्या. धान्य निवडायला होतंय की, म्हणायच्या. शुभदाने ते काठाला चिमटीत धरून उचललं. काठ जाड लागला, भक्कम. मधल्या भोकातून पाणी गळत राहिलं.

तिचा हात तिथेच थांबला. काल जबडे कुठे टेकले होते ते तिला समोर दिसलं. काठावर. दोन्ही बाजूंच्या त्या कडांवर, जिथे ब्रेकचे पॅड कधी पोचतच नाहीत आणि म्हणून लोखंड झिजतही नाही. तिने कडा मोजल्या होत्या. आतली डिस्क किती उरली आहे, ते मोजलंच नव्हतं.

तिने ओल्या हातानेच धर्मपालला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियम तिचाच होता आणि धर्मपाल तो पाळायचा.

"काय झालं गं?" मीनाबाई आतून बाहेर आल्या.

"आत्या, मी चुकीच्या जागी मोजलं."

तिने म्हाळसाबाईंना फोन लावला.

"लई झ्याक दर्शन झालं बघ!" म्हाळसाबाई वाऱ्यावर ओरडून बोलत होत्या. "आता निघालोय. घाट लागला हितं."

"मावशी, गाडी थांबवायला सांगा. ब्रेक खराब आहेत. मी मोजताना चुकले."

"धर्मा, तुझी बायको म्हणती ब्रेक खराब हायत. मोजताना चुकले म्हणती."

धर्मपालचं हसू तिला स्पष्ट ऐकू आलं. "ती? मोजताना? मावशी, तिला म्हणावं उगं काळजी करत बसू नको. तिचं माप म्हंजे माप."

"मावशी, स्पीकर लावा! अहो, खरंच चुकले मी! खालच्या गिअरवर घ्या, कडेला घ्या, ब्रेकवर भरवसा ठेवू नका!"

"बरं बरं, मॅडम." त्याचा आवाज लाडाचा होता. "मागं ट्रक हाय. एवढं वळण उतरलं की थांबतो. मावशीला च्या पण पाजायचाय."

फोनमध्ये लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर सुरू झाली. मग काहीतरी तडकलं.

"पेडल..." धर्मपाल म्हणाला.

बायका किंचाळल्या. एक मोठा आवाज झाला, त्यामागून काचांचा. मग नुसता वारा. फोन कुणी बंद केला नाही, म्हणून तो वारा ऐकू येत राहिला.

मीनाबाईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "थांबतो म्हनला का? काय म्हनला? ऐकलं का त्यानं तुझं?"

"ऐकलं, आत्या," शुभदा म्हणाली. "कालचं ऐकलं."