पहिल्या बेशुद्ध शांताताई

“आता कोण निघालं माझ्या आधी?”

श्रीपादराव मुळ्यांनी नुकतीच एक चप्पल काढली होती. दुसरी काढावी की पहिली परत घालावी, हे त्यांना उमगेना. म्हणून ते एका पायात चप्पल ठेवूनच उंबऱ्यात उभे राहिले. आत शांताताई एक पाय लांब करून दिवाळीच्या वाती वळत बसल्या होत्या.

हजिरा मोहल्ल्यातल्या ह्या शांताताई म्हणजे ग्वाल्हेर रियासतीत क्लोरोफॉर्म हुंगवून बेशुद्ध केलेली पहिली व्यक्ती. लहानपणी, फौजेत सवार असलेल्या बापाच्या घोड्याने त्यांच्या पायावर पाय दिला आणि दोन बोटं कापावी लागली. त्याआधीही रियासतीत माणसं बेशुद्ध पडत, पण आपापल्या जबाबदारीवर. सरकारने मुद्दाम पाडलेल्या ताईच पहिल्या.

तेव्हापासून हजिऱ्यात रिवाजच पडला. ऑपरेशनला निघालेला माणूस आधी ताईंच्या त्या पायाला हात लावून जाई. पहिली परत आली, तर आपणही येऊ, असा साधा हिशोब. बरी झालेली माणसं सर्जनला विसरत, ताईंना मात्र पेढे आणून देत.

श्रीपादराव दरबाराने नेमलेले इतिहासकार. रियासतीतल्या आधुनिक वैद्यकाचा इतिहास लिहायचा, एवढंच काम. पहिलं प्रकरण ताईंवर होतं. ते छापायला जाणार, तोच रियासत विलीन झाली. मध्यभारत हे नवं राज्य आलं, त्यात इंदूर आलं, आणि इंदुरातला एक हलवाई ताईंच्या आधी बेशुद्ध झालेला निघाला. श्रीपादरावांनी पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. ते पुरं होतंय न होतंय, तोच मध्यभारतही गुंडाळायची वेळ आली. परवापासून मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ.

“मुळेजी, राज्य बड़ा हो रहा है, इतिहास भी बड़ा कीजिए,” नवे साहेब म्हणाले होते. श्रीपादरावांची बदलीही भोपाळला ठरली होती. चार राज्यांतली पदं एकमेकांशी जुळवताना इतिहासकाराच्या तोडीचं पद कुठेच सापडेना. शेवटी कुठल्याशा दवाखान्यात घड्याळाला किल्ली देणारा एक इसम मिळाला. दोघांचंही काम काळाशी, म्हणून दोघं एका श्रेणीत बसले. घड्याळवाल्याने म्हणे हरकत घेतली.

“बोला की पंत,” ताई म्हणाल्या. “तुम्ही आलात, मतलब कोणीतरी निघालंच.”

“जबलपूरचा एक शिपाई. मग सागरची एक धोबीण. मग…”

“मी कितवी?”

“सातवी. तळटीपेत आहात.”

“तळटीप मतलब?”

“पानाच्या खाली असते. बारीक अक्षरात.”

ताईंनी हातातली वात परातीत ठेवली आणि लांब केलेला पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.

“सातवीच्या पायाला कोण हात लावणार?” त्या म्हणाल्या.

श्रीपादराव गोंधळले. तसे ते रियासत गेल्यापासून गोंधळलेलेच होते; पाकिटावर पत्ता लिहिताना राज्याच्या नावापाशी त्यांचा हात थांबे. पण आजचा गोंधळ निराळा होता. ते खाकरले.

“उद्या माझं ऑपरेशन आहे, ताई. हर्नियाचं. बायकोने बजावलंय, आधी ताईंकडे जाऊन या.”

ताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत, त्या एका चपलेपर्यंत न्याहाळलं.

“मग जबलपूरला जा की. त्या शिपायाच्या पायाला लावा हात.”

“तो कधीच वारला असणार.”

“टेबलावर?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“आणि तो हलवाई? उठला का तो?”

“वैद्यकीय खात्याने बेशुद्ध केलं, एवढंच नमूद आहे. पुढचं काही मिळत नाही.”

“सहापैकी कोण उठलं, पता नाही?”

“नाही.”

“आणि ह्याचा तुम्ही इतिहास लिहिता.”

श्रीपादराव भिंतीकडे बघत राहिले. तिथे एक कॅलेंडर होतं, तेही जुन्या राज्याचं.

“उद्या झोपाल एका राज्यात,” ताई पुन्हा वात वळायला घेत म्हणाल्या, “आणि उठाल दुसऱ्यात. भीती वाटते?”

“हो.”

“मग ती चप्पल काढा आधी.”

श्रीपादरावांनी ती काढली. लुगड्याखालून पाय पुन्हा बाहेर आला. वाकताना त्यांना कळ आली, म्हणून डोळे मिटूनच त्यांनी हात पुढे केला. तो बोटं असायला हवीत तिथे, गार फरशीवर टेकला.

ताईंनीच पाय जरा पुढे सरकवला.