गाठीला हात लावायचा नाही

महाराजांच्या डाव्या हातात ओल्या कापसाचा बोळा होता. उजव्या हाताने त्यांनी घंटा वाजवली, कुंकू उधळलं, पाणी शिंपडलं. डावी मूठ मात्र एकदाही उघडली नाही. आपटा गावातल्या त्या मांडवातली सगळी गर्दी उजव्या हाताकडे बघत होती.

"डॉक्टरचं मशीन लाईट गेली की बंद," महाराज म्हणाले. "आपलं मशीन देवीआईचं. बिल नाही, टाके नाहीत."

लोक हसले. मग महाराजांनी माझ्या गुणामावशीच्या पदरावरून, काखेजवळ, बोळा दाबला. स्वतःच कण्हले. बोटांत एक लालभडक, लिबलिबीत तुकडा आला आणि बायकांनी हात जोडले. महाराजांनी तो द्रोणात ठेवून दोन आज्ञा केल्या. मागे न बघता पाताळगंगेत सोडायचा. आणि महिनाभर गाठीच्या जागी हात लावायचा नाही. लावला तर ती परत उगवते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे माझं पनवेलमधलं रोजचं काम. मावशीच्या स्तनातल्या गाठीची आधी बायोप्सी करा, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते गणपतीवर गेलं, मग पितृपक्ष आला, मग दिवाळी. सुई लावली की गाठ खवळते, असं तिचं सगळं गव्हाण गाव तिला सांगत होतं.

नदीवर मी मावशीच्या मुलाकडून, प्रणितकडून, द्रोण मागून घेतला. तुकडा पाण्यात धुतला. कुंकू वाहून गेलं. खाली पातळ कडेचा, गुळगुळीत, तपकिरी तुकडा उरला.

प्रणित वाकून बघत राहिला. "ताई, ही तं कोंबडीची कलेजी हाय. मसाला लावायचाच बाकी ठेवलाय."

"बोळ्यात होती," मी म्हटलं. "मावशी, आता तू हात लावून बघ."

ती पाठमोरी झाली. पदराखाली तिचा हात बराच वेळ राहिला.

"हाय," ती म्हणाली. "तशीच हाय."

मग खरी भीती बाहेर आली. "तुझ्या आयेला सुई लावली, न् मंगच पसरली ना, पोरी?"

"आईने गाठ दाखवली तेव्हाच ती हाडांत गेली होती, मावशी. सुईने पसरवली नाही. सुईमुळे ती आपल्याला कळली."

मी तिला सांगितलं, हाताला बऱ्याच गाठी सारख्याच लागतात. साधी निघाली तर कदाचित मोठं ऑपरेशन लागणारही नाही. कर्करोग निघाला तर तो कोणत्या जातीचा हे सुईने काढलेल्या तुकड्यावरूनच कळतं; आधी औषध की आधी ऑपरेशन, आणि किती काढायचं, हे त्यावर ठरतं. न तपासता कापणारा आणि न कापता काढणारा, दोघांनाही आत काय आहे ते ठाऊक नसतं.

"न् वाईट निघाली तं?"

"तर ती आजही वाईटच आहे. फक्त आपल्याला माहीत नाही."

गणपतीपासून गाठ वाढली आहे, हे तिच्या बोटांनाही कळलं असणार. प्रणितने तोंड फिरवून डोळे पुसले. मावशी नदीकडे बघत बसली. माझ्या आईचं नाव तिने पुटपुटलं असावं. मला नीट ऐकू आलं नाही.

मग ती पदर सावरून उठली.

"प्रणित, डॉक्टरला फोन लाव. सांग, आमी येताव. गुणाबाय सुई लावून घेणार हाय."