मागच्या सीटवरचे सुहास सर

सुहास सर नगरच्या कॉलेजातून निवृत्त झाले, पण त्यांचं शिकवणं काही थांबलं नाही. पूर्वी फिजिक्स शिकवायचे, आता मोटारसायकल. दर रविवारी सकाळी सहाला बायपासच्या चहाच्या टपरीवर त्यांची दहा-बारा गाडीवाल्यांची टोळी जमायची, आणि पहिला घोट पोटात जायच्या आत सरांचा तास सुरू.

"खड्डा दिसला की ब्रेक आधी दाबायचा, आत शिरताना सोडायचा. दाबून शिरलास तर शॉकअपचं वाटोळं. वळणावर पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, वाळू असते. कुत्रं मागं लागलं तर पाय वर घेऊ नकोस, तोल जातो. आणि उसाच्या ट्रॉलीला चिकटायचं नाही. तिला मागं लाईट नसतो आणि ट्रॅक्टरवाल्याला गाण्यापुढं तुमचा हॉर्न ऐकू येत नाही."

"सर, तुमचं आयकून गाडी घरीच झाकून ठिवावी वाटती बगा," असं गॅरेजवाला कानिफनाथ म्हणायचा. सगळे हसायचे. सरही हसायचे, पण एक विषय निघाला की त्यांचं हसणं बंद व्हायचं. कर्जत रोड.

अकरा वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर, रेहेकुरी अभयारण्याच्या अलीकडे, त्यांच्या गाडीला काळवीट धडकलं होतं. मागं बायको होती, सत्यशीलाबाई. सरांना खरचटलं तेवढंच, बाईंचा डावा गुडघा मात्र चुरा झाला. आजही त्या जिना एकेक पायरी करत चढतात आणि देवपूजा खुर्चीवर बसून करतात. सर ही हकिकत प्रत्येक नवख्याला सांगायचे आणि शेवट ठरलेला असायचा. "अचानक आडवं आलं हो. जनावराचा भरवसा नाही. आपण काय करणार?"

आता ज्या माणसाच्या मनात त्या रस्त्याची एवढी धास्ती, त्याच्या एकुलत्या एका मुलीला नोकरी कुठं लागावी? कर्जत तालुक्यात! अनन्या जनावरांची डॉक्टर झाली, सरकारी दवाखान्यात हजर झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिनं मोटारसायकल घेतली. वाड्यावस्त्यांवर गाई-म्हशी बघायला जायचं तर एसटी काही गोठ्यापर्यंत येत नाही, हे तिचं म्हणणं. सरांनी मात्र ओळखीच्या साहेबांना धरून नगरच्या ऑफिसात टेबलाची जागा बघून ठेवली होती. हो की नाही ते सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

घरात चार दिवस धुसफूस चालली. शेवटी सरांनीच तोडगा काढला. "सोमवारी सकाळी मी तुझ्या मागं बसतो. नगर ते तुझा दवाखाना. वाटेत तीनदा तुझ्या खांद्यावर टकटक करायची वेळ माझ्यावर आली, तर तू टेबलावर बसायचं. नाही आली, तर मी पुन्हा ब्र काढणार नाही."

"कबूल," अनन्या म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की सरांनाच जरा चुकल्यासारखं वाटलं.

जानेवारीची थंडी. पहाटेचं धुकं अजून रानात रेंगाळत होतं. सर मागच्या सीटवर बसले. तीस वर्षांत ते कधी मागं बसले नव्हते. हात कुठं ठेवायचे तेच त्यांना कळेना. समोर पोरीचं हेल्मेट, त्यापलीकडं मान वाकडी केल्याशिवाय काही दिसायचं नाही, आणि ब्रेक दाबायला पाय आपोआप खाली जायचा. खाली होता नुसता फूटरेस्ट.

पहिली टकटक शहर सुटल्यावर लगेच झाली. पुढं उसाची जोड-ट्रॉली डुलत चालली होती आणि अनन्या तिच्या जरा जास्तच जवळ गेली. "झाली एक," सर ओरडले. ती लगेच मागं राहिली. चूक तिची होती, तिला कळली होती.

दुसरी मिरजगावच्या पुढं. शेळ्यांचं मोठं खांड रस्ता ओलांडत होतं. अनन्यानं गाडी पहिल्या गियरवर आणली आणि हळूहळू त्यांच्या मागून वळसा घातला. हॉर्नला बोटसुद्धा लावलं नाही. सरांना राहवेना. त्यांनी टकटक केली. "हॉर्न कोण देणार?"

"बाबा, हॉर्न दिला की उधळतात. आणि उधळलेली शेळी सरळ चाकात येते. हे धरणार तुम्ही?"

"धरणार. झाल्या दोन."

ती खांदे उडवून पुढं निघाली. सर मनातून खूश झाले, आणि खूश झाल्याची थोडी लाजही वाटली. आपण हिला नापास करायलाच बसलोय की काय? पण गुडघा चुरा झालेली बायको त्यांनी उचलली होती, तिचं ओरडणं त्यांच्या कानात होतं. लाजेपेक्षा भीती मोठी होती.

रेहेकुरी जवळ आलं. डावीकडं ज्वारीचं रान, कणसं भरलेली, उजवीकडं वाळल्या गवताचा उघडा माळ. ऊन नुकतंच कणसांच्या टोकांवर आलं होतं. अनन्यानं न सांगता वेग कमी केला. हाच तो टप्पा. ती बाभूळसुद्धा तीच.

आणि ज्वारीतून काळविटाची एक मादी बाहेर आली. बदामी अंग, पांढरं पोट. क्षणभर रस्त्याच्या कडेला थबकली, कान हलवले, आणि तीन उड्यांत पलीकडच्या माळावर गेली. रस्ता मोकळा झाला.

अनन्यानं गाडी थांबवली. एक पाय टेकला, इंजिन बंद केलं आणि बसून राहिली.

सरांना काही समजेना. रस्ता स्वच्छ मोकळा, मागं वाहन नाही, आणि ही पोरगी भर डांबरावर गाडी उभी करून बसली! "अगं, थांबतेस काय? गेलं ते! चल, ओढ गाडी," असं म्हणत त्यांनी तिसऱ्या टकटकीसाठी हात उचलला.

हात वरच राहिला.

ज्वारीत सळसळ झाली. आधी एका जागी, मग दहा जागी. कणसं हलली, ताटं दुभंगली, आणि त्यातून कळप बाहेर पडला. एक नाही, दोन नाही, मोजायची सोयच नव्हती. माद्या, पाडसं, मागून तरणे नर. गाडीच्या पुढच्या चाकापासून पंधरा फुटांवरून ते रस्त्यावर झेपावत होते. एकेक उडी माणसाच्या डोक्याइतकी उंच. मधे डांबरावर एकदाच खूर टेकायचा, टक् असा आवाज व्हायचा, की जनावर पुन्हा हवेत. ऊन त्यांच्या पोटाखालून दिसायचं. एक पाडस रस्त्याच्या मधोमध आलं, गाडीकडं बघून गोंधळलं, सरांच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहिलं. एवढे मोठे ओले डोळे! त्याची आई पलीकडून वळून उभी. मग तेही उडालं.

सर श्वास घ्यायचं विसरले होते. पस्तीस वर्षं पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवलेला हा माणूस, आणि समोर ही जनावरं त्याच गुरुत्वाकर्षणाची खुशाल थट्टा करत होती. अरे बापरे, एवढंच ते पुटपुटत राहिले. छातीत काहीतरी भरून येत होतं. भीती होती, पण भीतीच्या वरताण काहीतरी होतं, त्याला नाव देता येईना.

सगळ्यात शेवटी आला काळा नर. वळणावळणाची लांब शिंगं मागं टाकलेली, पाठ कुळकुळीत, पोट दुधासारखं. तो उडी मारत आला नाही. चालत आला. रस्त्याच्या मधे उभा राहून त्यानं बापलेकींकडं पाहिलं, आपलं सगळं घरदार पलीकडं पोचलं का याची खात्री केल्यासारखी मान वळवली, आणि शांतपणे माळावर उतरला.

सरांनी उचललेला हात खाली घेतला.

"आता निघायचं," अनन्या हळूच म्हणाली. "काळा गेला की मागं सहसा कुणी नसतं."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"आईनं. गाडी घेतली त्याच दिवशी. म्हणाली, एक गेलं की रस्ता मोकळा झाला असं समजायचं नाही. एक गेलं म्हणजे मागं कळप आहे. लोक नेमके तेव्हाच रेस वाढवतात आणि दुसऱ्याला धडकतात."

सत्यशीलाबाईंचं माहेर इथलंच, पाच मैलांवर. लहानपणी त्या हुरड्याच्या रानात काळविटांपासून राखण करत बसायच्या. तीस वर्षांच्या संसारात सरांनी या रस्त्याबद्दल त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

"त्या दिवशी पहिलं गेल्यावर तुम्हालाही म्हणाली होती म्हणे," अनन्या पुढं बघतच बोलली. "'थांबा हो, मागनं येतील अजून.' पण हेल्मेटमध्ये वाऱ्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू आलं नसणार, असं आई म्हणाली."

एवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. पलीकडं राहीबाई, खालच्या वस्तीवरची म्हातारी, रडकुंडीला आलेली. "म्याडम, गाय अडलीया हो पहाटंपास्नं. एकच पाय भाईर आलाय वासराचा. लई कन्हती बिचारी. येता का वो लगुलग?"

"आलेच मावशी. ओढाताण करू नका, कुणाला पाय ओढू देऊ नका. वीस मिनिटांत पोचते." तिनं फोन ठेवला आणि मागं वळून पाहिलं. "बाबा, वस्तीचा रस्ता कालव्याच्या भरावावरून आहे. एका माणसापुरता. तुमचं वजन मागं घेऊन..."

सर आधीच उतरले होते.

"आणि आपली पैज?"

"गाय अडलीय म्हणतायत ना ती बाई? जा लवकर." मग त्यांच्या तोंडात सवयीनं आलं, भरावावर डावीकडं माती भुसभुशीत असते, दुसऱ्या गियरवर राहा. त्यांनी ते गिळलं. या पोरीला इथली माती त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होती. "संध्याकाळी साहेबांना मीच फोन करतो. टेबल नको म्हणून सांगतो."

अनन्याचा चेहरा असा काही उजळला की सरांना तिच्याकडं बघवेना. तिनं सेल्फ मारला, आणि गाडी ज्वारीच्या कडेनं वळून कालव्याकडं गेली. चढावर अनन्या फूटरेस्टवर उभी राहिली, भरावावर चढली, आणि निळ्या आभाळापुढं सरळ रेषेत जात राहिली. किती सहज! ही आपली पोर, असं मनात येऊन सर बघतच राहिले. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी फोन काढला.

"पोचलात का हो?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. "अनन्या कुठाय?"

"गेली पुढं. एकटी." सर बाभळीखालच्या दगडावर बसले. "सत्यशीला, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. थांबा म्हणालीस ते. मी ऐकलं आणि तरी रेस वाढवली. अकरा वर्षं लोकांना अचानक आडवं आलं म्हणून सांगतोय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. बाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मी थांबा म्हटल्यावर तुम्ही मान हलवली होती, नाही अशी. मागं बसलेल्या माणसाला सगळं दिसतं हो."